लढाई झटपट व्हावी आणि डावपेचही राहावेत: टेबलटॉप आरपीजीतल्या लढायांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र (कॅरेक्टर) घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळायला आमचा गट नौपाड्यात रविवारी दुपारी जमतो. अर्धे भिडू ठाण्यातलेच, बाकीचे ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळहून ट्रान्स-हार्बरने येणारे. मेगाब्लॉक असला की सुरुवात लांबते आणि परतीची गाडी तर कुणासाठी थांबत नाही. हातात जेमतेम चार तास उरतात. त्यातले दोन एकाच चकमकीत गेले की कथा तिथेच अडकून बसते. नव्याने गट चालवायला लागलेले डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारे) मला याच अडचणीबद्दल सतत विचारतात: लढाई लवकर आटपायला जावं तर डावपेच जातात, डावपेच ठेवावेत तर लढाई संपत नाही. मग करायचं काय?

माझं म्हणणं आधीच सांगते. लढाईतल्या प्रत्येक मिनिटाला एकच कसोटी लावावी: या मिनिटात कुणी काही ठरवलं का? ठरवलं असेल तर ते मिनिट जपायचं. नसेल तर बेलाशक कापायचं. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यातूनच निघालंय.

एका लढाईला दीड-दोन तास लागतात तरी कसे?

हिशेब करून बघा. ५ खेळाडू, प्रत्येकाच्या टर्नला २ मिनिटं आणि डीएमच्या सगळ्या शत्रूंना मिळून ४. सगळ्यांचे टर्न एकदा झाले की एक राउंड, तो १४ मिनिटांचा झाला. ५ राउंड चालले की ७० मिनिटं. मध्ये कुणी पुस्तक उघडलं, चहा आला, फासा सोफ्याखाली गेला, तर दीड तास कुठेच गेला नाही. त्यातही प्रत्येक खेळाडू १४ पैकी १२ मिनिटं नुसता बसून असतो. १२ मिनिटं कुणी पटाकडे बघत बसत नाही, मोबाइल काढतो. टर्न आला की विचारतो, "मध्ये काय झालं?" आणि ते सांगण्यात आणखी एक मिनिट जातं.

तेच टर्न १ मिनिटावर आणि डीएमचा वेळ २ मिनिटांवर आणला की राउंड ७ मिनिटांचा होतो, सगळी लढाई ३५ मिनिटांची. वाट पाहणं ६ मिनिटांवर येतं आणि तेवढा वेळ माणूस खेळात राहतो. म्हणून टर्न छोटा केल्याचा फायदा दुप्पट असतो: घड्याळही वाचतं आणि लक्षही टिकतं.

दुसरं कारण शत्रूंचे हिट पॉइंट, म्हणजे किती नुकसान झालं की ते पडतात तो आकडा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ऑगर हा धिप्पाड राक्षस घ्या. त्याचे हिट पॉइंट ५९, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११. चार खेळाडू आहेत, प्रत्येकाला वाराच्या फाशात +५ मिळतात आणि वार लागला तर सरासरी साडेसात नुकसान होतं, असं धरू. वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त आलं की वार लागतो, म्हणजे चारातले तीन वार लागतात. चौघे मिळून राउंडला साडेबावीस नुकसान करतात आणि ऑगर तिसऱ्या राउंडला पडतो. आता "सोपं वाटतंय" म्हणून डीएमने दोन ऑगर ठेवले. ११८ हिट पॉइंट, म्हणजे सहावा राउंड उजाडणार. वेळ दुपटीने वाढला, पण ठरवण्यासारखं नवीन काय आलं? दोघेही समोर उभे राहून सोटा फिरवणार असतील तर काहीच नाही. चौथ्या राउंडला कोण जिंकणार हे टेबलावर सगळ्यांना कळलेलं असतं आणि तरी फासे पडत राहतात. मला हा वेळ सगळ्यात जास्त खटकतो.

झटपट लढाई म्हणजे उथळ लढाई नाही का?

कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते. तेवढ्यात चढाईपटू बोनस घ्यायचा की कोपऱ्यातल्या भिडूला उचलायचं हे ठरवतो, बचाव करणारे साखळी धरतात, कुणीतरी मुद्दाम पाय पुढे करून आमिष दाखवतं. वेळ कमी आहे म्हणून तिथे डोकं कमी लागतं असं कुणी म्हणणार नाही.

खोली पर्यायांच्या संख्येवर ठरत नाही. दोन पर्यायांचे परिणाम किती वेगळे होतात, त्यावर ती ठरते. कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) बारा ताकदी लिहिलेल्या आहेत आणि दर वेळी त्यातली एकच सगळ्यात फायद्याची ठरत असेल, तर त्या खेळाडूला पर्याय एकच आहे, फक्त तो शोधायला वेळ लागतो. याउलट हातात साधी तलवार आहे, पण समोरचा दोर कापला तर पूल पडेल आणि नाही कापला तर आणखी शत्रू येतील, तर तिथे खरा पेच आहे. त्याला नियमांची अर्धी ओळही लागत नाही.

कोणता गेम निवडला तर हा तोल आपोआप साधेल?

आपोआप कुठेच साधत नाही, पण प्रत्येक गेमने या प्रश्नाला काही ना काही उत्तर दिलंय आणि ती उत्तरं माहीत असलेली बरी.

हा सगळा छंदच लढाईच्या पटावरून जन्माला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आलं, ते सैन्यांच्या मिनिएचर (छोट्या पुतळ्यांच्या) खेळांतून. सुरुवातीला एक राउंड म्हणजे गोष्टीतलं एक मिनिट असायचं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ६ सेकंदांचा झाला आणि नेमकं पाऊल, नेमकी चौकट यांना महत्त्व आलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने डावपेचांना पहिला मान दिला: प्रत्येकाला नाव दिलेल्या ताकदी, शत्रूंना ढकलणं-ओढणं, एका फटक्यात पडणारे मिनियन. पण सुरुवातीच्या शत्रूंचे हिट पॉइंट भारी आणि नुकसान हलकं होतं, त्यामुळे लढाया ताणल्या जात. २०१० मध्ये आलेल्या शत्रूंच्या तिसऱ्या पुस्तकात नुकसान वाढवून हे गणित बदललं गेलं. ती आवृत्ती मला आजही आवडते. मिनियन तर मी कुठल्याही गेममध्ये वापरते.

२०१४ च्या आवृत्तीने बारीकसारीक अधिक-उण्यांच्या जागी ॲडव्हान्टेज आणलं. दोन फासे टाका, मोठा आकडा धरा, झालं. फाशावर ११ हवे असतील तर लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते आणि बेरीज करावी लागत नाही. वेग आणि खोली एकाच नियमात कशी बसते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं: उंचावर चढलात, मागून गाठलंत, डोळ्यांत वाळू फेकलीत, सगळ्याचं बक्षीस तेच. २०१९ च्या पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक टर्नला तीन ॲक्शन मिळतात. दुसऱ्या वाराला साधारणपणे ५ आणि तिसऱ्याला १० वजा होतात. तिसरा वार मारण्यापेक्षा ढाल वर घेणं किंवा दोन पावलं सरकणं परवडतं, म्हणजे हलण्याचं कारण नियमातच पेरलेलं आहे.

थर्टिन्थ एज या २०१३ च्या गेममधला एस्कलेशन फासा तर उचलून कुठेही नेता येतो. दुसऱ्या राउंडपासून टेबलावर सहा बाजूंचा फासा १ दाखवून ठेवायचा, दर राउंडला एकाने वाढवायचा, ६ पर्यंत. फाशावरचा आकडा खेळाडूंच्या वारात मिळवायचा. लढाई जितकी लांबेल तितकी ती संपण्याकडे झुकते. मोठी ताकद पहिल्याच राउंडला वापरायची की फासा चढेपर्यंत थांबायचं, हा विचारही त्यातून आपसूक येतो.

नव्या गटाने आत्ता खेळताय तोच गेम ठेवावा. गेम बदलण्याआधी टेबलावरच्या सवयी बदलून पाहा.

इनिशिएटिव्हसाठी सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

इनिशिएटिव्ह म्हणजे टर्नचा क्रम. पुढचा नंबर कुणाचा हे विचारावं लागू नये, इतकंच त्याचं काम. जाड कागदाच्या घडीच्या पट्ट्या करा, दोन्ही बाजूंना कॅरेक्टरचं नाव लिहा आणि डीएम स्क्रीनवर (डीएमपुढच्या आडोशाच्या पुठ्ठ्यावर) क्रमाने अडकवा. सगळ्यांना दिसतं. सॅव्हेज वर्ल्ड्स या गेममध्ये दर राउंडला पत्ते वाटतात, तेही यासाठी छान, कारण पत्ता समोर उघडाच असतो.

मला डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांतली पद्धत सगळ्यात वेगवान वाटते: दोन्ही बाजूंनी सहा बाजूंचा एक-एक फासा टाकायचा, ज्यांचा मोठा ती बाजू सगळी मिळून आधी. खेळाडू आपापसांत ठरवतात, "तू दार अडव, मग मी मागून जाते." एरवी क्रमामुळे तुटणारे डावपेच इथे जुळून येतात. धोका इतकाच की शत्रूंची बाजू आधी आली आणि सगळे मिळून एकावरच तुटून पडले, तर तो भिडू टर्न मिळण्याआधीच आडवा होतो. त्यामुळे लहान पातळीच्या कॅरेक्टर्सना ही पद्धत जड जाते.

क्रम कुठलाही ठेवा, पण दोन नावं एकदम पुकारा: आता कोण आणि तयारीत कोण. "आता जादूगार, तयारीत धनुर्धारी." या एका सवयीने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

टर्नला टायमर लावावा का?

लावावा, पण ठरवण्यापुरता. टर्न आल्यावर ३० सेकंदांत काय करणार ते सांगायचं, फासे आणि वर्णन याला वेळ मोजायचा नाही. ठरलं नाही तर कॅरेक्टर बचावाच्या पवित्र्यात राहतं आणि टर्न पुढे जातो. ते शिक्षा म्हणून करू नका, "ती ढाल धरून अंदाज घेतेय" असं म्हणून कथेत घ्या.

नव्या खेळाडूला पहिली काही सेशन्स टायमर नको. बोलायला मुळातच वेळ घेणाऱ्या माणसालाही नको. टायमरचा हेतू पाचव्यांदा तीच स्पेल (मंत्र) वाचणाऱ्या जुन्या खेळाडूला हलवण्याचा आहे. बुजऱ्या भिडूवर दडपण आणण्यासाठी तो नाही.

फासे आणि बेरीज यांतला वेळ कसा कापायचा?

वाराचा आणि नुकसानाचा फासा एकदम टाका. दोन वार असतील तर दोन रंगांच्या जोड्या ठेवा, निळा निळ्याबरोबर, लाल लालबरोबर. फायरबॉल या स्पेलचे आठ फासे टाकलेत की एकेक मिळवत बसू नका, दहा-दहाचे गठ्ठे लावा. शत्रूंसाठी डीएमने नुकसानाचा फासा टाकूच नये. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक वाराशेजारी सरासरी आकडा छापलेला असतो, ऑगरच्या सोट्याचा १३. तो वाचायचा.

शत्रूचा आर्मर क्लास लपवून फायदा नाही. दोन-तीन वारांनंतर खेळाडूंना तसाही अंदाज येतो. लढाई सुरू होतानाच "याला लागायला १५ हवेत" असं सांगून टाकलं की खेळाडू आपला निकाल आपणच सांगतो. शत्रूचे हिट पॉइंट मात्र मी आकड्यात सांगत नाही, अर्धे गेले की "आता लंगडतोय" एवढं म्हणते.

स्पेल ज्याची, त्याने आपल्या शब्दांत चिठ्ठीवर लिहून आणायची: पल्ला, कुणाला लागू, काय टाकायचं. पुस्तकातला परिच्छेद उतरवायचा नाही. लिहिताना ती समजते, हा जास्त मोठा फायदा.

आठ-दहा गॉब्लिन असले तर डीएमचा टर्नच संपत नाही. मग?

गॉब्लिन म्हणजे झुंडीने येणारे छोटे शत्रू. त्यांना एक-एक करून खेळवू नका. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात झुंडीचा एक तक्ता आहे. वार लागायला फाशावर ६ ते १२ पैकी काही हवं असेल तर दोघांमागे एक वार लागतो असं धरायचं, १३-१४ हवे असतील तर तिघांमागे एक, १५-१६ ला चौघांमागे एक. गॉब्लिनला वारासाठी +४ आहेत आणि समोरच्या लढवय्याचा आर्मर क्लास १८, म्हणजे १४ हवेत. आठ गॉब्लिनांचे दोन वार लागले, प्रत्येकी ५, एकूण १०. फासा न टाकता पाच सेकंदांत काम झालं.

ही बचत करून मिळालेला वेळ गॉब्लिन कुठे जातात हे ठरवण्यात घाला. चौघांनी लढवय्याला गुंतवलं आणि चौघे जादूगाराकडे वळले, तर खेळाडूंना लगेच उत्तर शोधावं लागतं.

ग्रिडवर खेळावं की मनातल्या मनात?

कोण कुठे उभं आहे यावरून निकाल बदलणार असेल तर ग्रिड, म्हणजे चौकटींचा पट. नसेल तर नुसतं वर्णन. बोळातली मारामारी, दारूच्या गुत्त्यातली हमरीतुमरी याला पट मांडायला लागणारा वेळही जास्तच.

मधला एक मार्ग आहे, तो ठाण्यातल्या आमच्या छोट्या खोल्यांना फार सोयीचा पडतो. कागदावर चार-पाच मोठे भाग आखा: अंगण, जिना, गच्ची, विहीर. एका भागात असलेले सगळे एकमेकांच्या वाराच्या टप्प्यात. शेजारच्या भागात जायला एक चाल. चौकटी मोजणं संपलं, पण "जिना कुणी धरायचा" हा पेच शाबूत राहिला.

सामानासाठी खर्च करायची गरज नाही. चार्ट पेपरवर एक इंचाच्या चौकटी आखा, वर डायनिंग टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक पसरा आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने त्यावर भिंती काढा. ल्युडोच्या सोंगट्या एका चौकटीत बसतात. ऑगरला दोन बाय दोन चौकटी लागतात, तिथे कॅरमचा स्ट्रायकर ठेवला की बरोबर मापात येतो.

नियम न वाढवता डावपेच आणायचे कसे?

जागेतून आणि हेतूतून. याचं एक उदाहरण सविस्तर देते, कारण एवढं एक जमलं तर वरचं बरंचसं विसरलात तरी चालेल.

घोडबंदरचा किल्ला उल्हास नदीच्या मुखाकडे, वसईच्या खाडीवर नजर ठेवून आहे. त्याच्या पायथ्याशी एक जुना दगडी धक्का आहे असं कल्पून मी पट मांडते, १२ बाय १२ चौकटींचा. एका कडेला तिवरांची दाटी: आत शिरलेल्यावर लांबून नेम धरता येत नाही, पण आत वेग अर्धा. मधोमध चिखल, तिथेही वेग अर्धा. धक्क्याला एका दोराने बांधलेला मचवा. सहा तस्कर आणि त्यांचा नाईक. धक्क्यावर चार पेट्या, एक पेटी मचव्यात चढवायला दोन माणसं आणि एक राउंड. आणि भरती: दर राउंडच्या शेवटी पाणी एक ओळ वर चढतं, पाचव्या राउंडला मचवा सुटतो. खरी भरती अर्थातच इतकी झपाट्याने येत नाही, पटावर ती अशी चढवावी.

हे सगळं खेळाडूंना सुरुवातीलाच उघड सांगायचं, चिठ्ठीवर लिहून मध्ये ठेवायचं. लपवलेल्या माहितीवर कुणाला डावपेच आखता येत नाहीत. ते प्रश्न विचारत बसतात आणि तिथेच वेळ जातो.

आता काय होतं बघा. पहिल्या राउंडला लढवय्या सरळ चिखलात उतरते आणि अर्ध्या वाटेवर अडकते. धनुर्धारी तिवरांत शिरतो. दुसऱ्या राउंडअखेर एक पेटी चढलेली असते, पाणी दोन ओळी वर, नाईक मचव्यात उभा. तिसऱ्या राउंडला रोग (चोरट्या चालीचं पात्र) खेळणारी दोराशी पोहोचते.

"दोर कापू का गं?" ती मला विचारते.

"काप की. मचवा प्रवाहाला लागेल, नाईक आणि ती पेटी घेऊन."

"थांब थांब," धनुर्धारी म्हणतो, "नाईक हवाय ना आपल्याला? त्यालाच माहितीय माल कुणाचा ते."

"आणि मी तिकडे पोचेपर्यंत पाणी कमरेला येईल," लढवय्या.

रोग क्षणभर पटाकडे बघते. "कापत नाही. दोर मोकळा करून खांबाला दोन वेढे देते. सुटायला त्यांना एक राउंड जास्त लागू दे."

या बोलण्याला मिनिटभरही लागलं नाही. पुस्तक उघडलं नाही, फासाही पडला नाही, पण लढाई तिथे वळली. धनुर्धाऱ्याने पेटी उचललेल्या दोघांपैकी एकाला पाडलं, पेटी धक्क्यावर आपटली. तोवर तिघे तस्कर आडवे होते. मी धैर्याचा फासा टाकला (त्याचा नियम खाली आहे), उरलेल्यांनी तिवरांत धूम ठोकली, नाईक वेढ्यांशी झटत एकटा उरला. चौथा राउंड. गोष्टीतली २४ सेकंदं, आमच्या घड्याळात अर्धा तास.

अशी जागा रचताना मी तीन गोष्टी बघते: काहीतरी अडवणारं, काहीतरी वापरता येणारं आणि काहीतरी आपसूक पुढे सरकणारं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वगळलं जाणारं. भरती, पसरणारी आग, बंद होत जाणारा दरवाजा. ते असलं की लढाईला स्वतःचा शेवट असतो आणि एका जागी उभं राहून वार करत राहणं परवडत नाही.

शत्रूंनी शेवटच्या माणसापर्यंत लढायलाच हवं का?

मुळीच नाही. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत गाठलं. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा, पाणी मिळेना. रायबागन या त्याच्या बाजूच्या सरदार स्त्रीच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामान, खंडणी देऊन सुटला. फौज कापून काढावी लागली नाही, निकाल जागेने आणि कोंडीने लावला. या लढाईतून डीएमला जितकं घेता येईल तितकं मला तरी कुठल्या नियमपुस्तकात सापडलं नाही.

नियम म्हणून हवं असेल तर त्याच १९८१ च्या बेसिक नियमांतला मोराल, म्हणजे धैर्याचा नियम, वापरा. प्रत्येक प्रकारच्या शत्रूला २ ते १२ मधला एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला की आणि अर्धे पडले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. आकडा ७ असेल तर दर वेळी साधारण ४२ टक्के शक्यता, ९ असेल तर १७ टक्के. भाडोत्री तस्करांना ७, निष्ठावान रक्षकांना ९ किंवा वर.

याने प्रत्येक लढाईतले शेवटचे, ठरून गेलेले राउंड गळून पडतात. शिवाय पकडलेला माणूस बोलतो, पळालेला माणूस बातमी नेतो. कथेला धागे मिळतात.

एकच मोठा शत्रू असला की लढाई एकसुरी होते.

कारण चार-पाच टर्न खेळाडूंचे आणि एक त्याचा. त्याचे हिट पॉइंट वाढवू नका, टर्न वाढवा. पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना इतरांच्या टर्नअखेर करायच्या लेजेंडरी ॲक्शन असतात. नसल्या तर इनिशिएटिव्हमध्ये त्याला दोन जागा द्या. आणि अर्धे हिट पॉइंट गेले की काहीतरी दिसण्याजोगं बदला: छत कोसळलं, तो भिंतीवर चढला, त्याने ओलीस धरला.

एक भिडू दुसऱ्यांचे टर्नसुद्धा खेळतो. त्याला कसं थांबवायचं?

त्याला बहुतेक वेळा नियम सगळ्यांत जास्त पाठ असतात आणि तो मदतच करत असतो. पण "तू इकडे सरक, ही स्पेल टाक, त्याला मार" असं ऐकत बसलेल्या खेळाडूचा खेळ संपलेला असतो. मी याबाबतीत कडक आहे. ज्याचा टर्न त्याने विचारलं तरच सल्ला, आणि तोही कॅरेक्टरच्या तोंडून, एका वाक्यात. लढाईच्या गदारोळात तेवढंच ओरडून सांगता येतं.

त्याला एक काम द्या. नियम शोधणं त्याच्याकडे सोपवा: दुसऱ्याचा टर्न चालू असताना तो पान काढून ठेवेल आणि बाकीच्यांचा खेळ चालू राहील.

नियमावरून वाद झाला तर?

एक मिनिटात सापडला तर ठीक, नाहीतर डीएमने खेळाडूच्या बाजूने निर्णय द्यावा, चिठ्ठीवर टिपून ठेवावा, सेशन संपल्यावर बघावा. कॅरेक्टर मरणार असेल तर मात्र थांबून शोधा. तिथे घाई करू नये.

आमच्या टेबलावर सात-आठ जण असतात.

गट दोन करा. ते शक्य नसेल तर जोड्या लावा: दोघांचा टर्न एकत्र, दोघांनी मिळून ठरवायचं. आठाचे चार टर्न होतात आणि जोडीतले दोघे एकमेकांच्या ताकदी शिकतात.

प्रत्येक लढाई इतकी विचारपूर्वक रचायची?

नाही, आणि रचूही नये. सेशनमध्ये एक लढाई मोठी ठेवा, तिला पट, जागा, भरती सगळं द्या. बाकीच्या चकमकी एका-दोन फाशांत उरका. वाटेवरच्या चार चोरांसाठी इनिशिएटिव्ह काढायचीच गरज नाही. "कसं हाताळताय?" असं विचारा, प्रत्येकाने एक रोल टाकायचा, बहुसंख्य यशस्वी झाले तर चोर पांगले, नाहीतर प्रत्येकाचे थोडे हिट पॉइंट किंवा एखादी स्पेल गेली. पाच मिनिटांत गोष्ट पुढे.

यावर काही खेळाडू नाराज होतात, कारण त्यांना लढाईच आवडते. त्यांना आधी सांगून ठेवा की आजची मोठी लढाई कुठली असेल. मग ते आपल्या ताकदी तिच्यासाठी राखतात. काय खर्चायचं आणि काय राखायचं, हा डावपेच त्यामुळे पूर्ण सेशनभर चालतो.

इतकं करूनही लढाई अर्धवट राहिली आणि लोकांना गाडी गाठायची असली तर?

आधी बघा की निकाल ठरलाय का. ठरला असेल तर तिथेच संपवा: जिंकणाऱ्या बाजूला विचारा, "शेवट कसा करताय?" आणि दोन वाक्यांत वर्णन करा. उरलेल्या शत्रूंनी अजून काय नुकसान केलं असतं त्याचा अंदाज घेऊन तेवढे हिट पॉइंट वजा करा.

निकाल खरंच अधांतरी असेल तर घाईने गुंडाळू नका, राउंड पूर्ण करून थांबा. पटाचा वरून फोटो काढा, इनिशिएटिव्हच्या पट्ट्यांचा दुसरा. शत्रूंचे उरलेले हिट पॉइंट आणि चालू असलेल्या स्पेल एका कागदावर लिहून त्याचा तिसरा. तिन्ही गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. खाली लिहा की पुढच्या वेळी पहिला टर्न कुणाचा, म्हणजे तो भिडू येतानाच काय करायचं ते ठरवून येतो.